ॲपच्या टायमरने मित्राचा फोन सुटला, माझा नाही. डिजिटल वेलबीइंगची, म्हणजे फोनचा वापर आटोक्यात ठेवायची साधनं स्वभाव बघून निवडावीत का?

हो, निवडावीत. तुमचा मित्र बहुतेक नियमाचा माणूस असणार. माझ्या शेजारच्या टेबलावर असाच एक बसतो. इन्स्टाग्रामची 30 मिनिटं संपली की फोन पालथा. कालच्यापेक्षा 4 मिनिटं कमी झाली तर डबा खाताना आवर्जून सांगतो. अशांना आकडा पुरतो.

मीही 30 मिनिटंच लावली होती. आयफोनवर वेळ संपली की आडवा पडदा येतो आणि खाली मर्यादा बाजूला सारायचं बटण. ते दाबलं की आणखी एक मिनिट, 15 मिनिटांनी आठवण, किंवा आजच्यापुरतं सोडा. आठवडाभरात माझा अंगठा न बघता तिसऱ्यावर पडायला लागला.

मग स्क्रीन टाइम या आयफोनच्या मर्यादा लावायच्या सोयीचा चार आकडी पासकोड ताईकडून घालून घेतला. (मर्यादा संपल्यावर ॲप ब्लॉक करायचा पर्यायही चालू लागतो, नाहीतर कोड असून नसल्यासारखा.) ताई नाशिकला. रात्री पावणेबाराला कोड मागायला फोन केला तर म्हणाली, "कशाला हवाय?" रील बघायचंय, हे थोरल्या बहिणीला सांगायला तोंड होईना. स्वतःला दिलेला शब्द मी बिनदिक्कत मोडतो, पण दुसऱ्यासमोर लाज वाटते. तीच कामी आली.

बायकोचा स्वभाव काळजीचा. कुणाच्या तरी सल्ल्याने तिने सगळी नोटिफिकेशनं बंद केली आणि फोन दुप्पट उघडायला लागली, कारण गावी आई आजारी. त्यात फोन किती वापरला याचा आठवड्याचा अहवाल आला की दिवसभर स्वतःवरच चिडचिड. शेवटी तो अहवाल बंद केला आणि 'डू नॉट डिस्टर्ब' लावून आई, भाऊ आणि शाळेच्या व्हॅनचे काका एवढ्यांचेच फोन वाजू दिले. वाजला नाही म्हणजे सगळं ठीक, हे कळल्यावर तिचा हात थांबला.

मानसशास्त्रात स्वभाव मोजायला पाच गुण धरतात: नवेपणाची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि काळजीची प्रवृत्ती. प्रत्येक गुण कमी-जास्त असतो, त्यामुळे माणसांचे पाच कप्पे पडत नाहीत. फोनपुरतं मी शिस्त आणि काळजी एवढंच बघतो.

मात्र 'तुमच्या स्वभावानुसार ॲप जुळवून देतो, आधी चाचणी द्या' असं कुणी म्हटलं तर जरा थांबा. 2018 साली उघड झालेलं केम्ब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीचं प्रकरण फेसबुकवरच्या अशाच एका स्वभावचाचणीतून निघालं. जास्तीत जास्त 8.7 कोटी लोकांची माहिती त्या कंपनीकडे गेली असावी, असं खुद्द फेसबुकने सांगितलं होतं. तुम्ही कशाने बधता हे ज्याला कळतं, त्याला तुम्हाला फोनपासून तोडता येतं तसं चिकटवूनही ठेवता येतं.

चाचणीपेक्षा चार दिवस कागद जवळ ठेवा. फोन हातात आला की वेळ आणि त्याआधी काय करत होतात एवढंच लिहा. माझ्या कागदावर रात्री अकराची ओळ रोज निघाली आणि शेजारी रोज तेच: उद्याचं काम काढायचं होतं. त्याला ताईचा कोड पुरेना. हल्ली चार्जर स्वयंपाकघरात, मिक्सरच्या प्लगवर असतो.