ही पेटी कुणाची?

“वस्तू टाकायला घेतली की स्वतःलाच टाकतेय असं वाटतं. माझं काही बिघडलंय का?” हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की एकदा नीट लिहायलाच हवं होतं.

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या पन्नाशीतल्या एक बाई लहान घरात राहायला जाणार होत्या. (तपशील बदलले आहेत.) भांडी, कपडे, अगदी दिवंगत नवऱ्याची पत्रंसुद्धा मार्गी लागली. अडलं ते रंगांच्या एका पेटीपाशी. पत्रं सुटतात आणि पेटी सुटत नाही, याचं मलाही कोडं पडलं. तीन भेटी आम्ही आठवणींभोवतीच फिरलो. चौथ्या वेळी म्हटलं, पेटी घेऊनच या.

त्यांनी तैलरंगाची ट्यूब काढली. एकदाच उघडलेली, झाकण चिकटून बसलेलं. पिळलं तशी ट्यूबच फाटली. आत निळा रंग, दगडासारखा.

“शेवटचं चित्र कधी काढलंत?”

“पूर्ण असं एकही नाही.”

“मग ही पेटी कुणाची?”

बराच वेळ त्या अंगठ्याने तो निळा खडा चाचपत राहिल्या. “मी जी होणार होते ना, तिची,” म्हणाल्या आणि रडल्या.

इतकी वर्षं या कामात असून मला हे त्या दिवशी लख्ख दिसलं. जे जगून झालं, त्याच्या खुणा सोडता येतात. ते घडलंय, कुठे जात नाही. जे व्हायचं राहून गेलं, त्याला वस्तूखेरीज दुसरा पुरावाच नसतो.

माणूस ज्याला ज्याला ‘माझं’ म्हणतो ते सगळं त्याच्या ‘मी’त येतं, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच मांडलं. मी त्याच विचाराची. म्हणून ‘एवढं काय धरून बसलात’ असं कुणाला म्हणत नाही, आणि घरच्यांना कळकळीने सांगते, परस्पर काही टाकू नका.

आवरताना ‘ही लागेल का?’ याआधी ‘ही कुणाची?’ विचारा. राहून गेलेल्या ‘मी’ची असेल, तर घाई नको, तिथे आधी रडून घ्यावं लागतं. मात्र घरात वावरायला, झोपायलाही जागा उरली नसेल, तर तो साठवणुकीचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

बाईंनी ब्रश चित्रकला शिकणाऱ्या एका मुलीला दिले. तिने विचारलं, तैलरंगाचा ब्रश धुवायचा कसा? बाई तासभर तिथेच बसून दाखवत होत्या.