पेट्रोल वाचवणारा एअर व्हॉल्व्ह बसवताना टी पीसीव्हीच्या पाइपात टाकायचा की ब्रेक बूस्टरच्या?

ब्रेक बूस्टरच्या पाइपाला हातसुद्धा लावू नका. हे आधी सांगून टाकते, पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी चालेल. त्या पाइपातल्या व्हॅक्यूमवरच तुमचा ब्रेक हलका लागतो, तिथे टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून बाहेरची हवा आत सोडलीत तर ऐन वेळी पेडल दगडासारखं कडक लागेल आणि तेव्हा वाचवलेलं पेट्रोल काय चाटायचंय?

पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातली तेलाची वाफ परत आत ओढून घेणाऱ्या, पाइपात बसतो. म्हणजे मी बसवला होता. म्हणजे खरं तर दाजींनी बसवला आणि मी टॉर्च धरून उभी होते.

तुम्ही लिहिलंय की गाडी आठ वर्षांची, इंजेक्शनवाली पेट्रोल, हल्ली ॲव्हरेज पडलंय आणि ओळखीतल्या कुणीतरी छातीठोक सांगितलंय की व्हॉल्व्ह टाक, फरक पडतोच. आमच्याकडे हे छातीठोक सांगणारे म्हणजे दाजी, ताईचे मिस्टर. माणूस लाखमोलाचा, पण गाडीचा विषय निघाला की समोरच्याने फक्त मान हलवायची. त्यांच्याकडे पूर्वी कार्बुरेटरची गाडी होती, तिला त्यांनी असाच व्हॉल्व्ह लावला होता आणि "सहा वर्षं तोंडात बोट घालायला लावलं गाडीने" हे वाक्य मी लग्नानंतरच्या पहिल्या भेटीपासून ऐकत आलेय. मी सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा त्यांनी तोच व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळून आणून दिला. पितळेचा, अंगठ्याएवढा, वरती खाचा पाडलेला स्क्रू, आत स्प्रिंग आणि हरभऱ्याएवढी गोळी. इंजिनने आतून ओढलं की गोळी उचलली जाते आणि वरच्या भोकातून हवा आत, एवढंच यंत्र.

मी तेव्हाही वही ठेवायची. टाकी फुल, किलोमीटरचा आकडा, किती लिटर गेलं, बस. दाजी वही बघून म्हणाले, "अगं, वहीने गाडी पळत नाही." ठीक आहे म्हटलं, पळवा तुम्ही.

रविवारी दुपारी बसवला. पीसीव्हीचा पाइप त्यांनी ब्लेडने मधोमध कापला, मी विचारलं की हा परत जोडता येतो का, तर म्हणाले जोडायची वेळच येणार नाही. टी घातला, दोन क्लिपा आवळल्या, गाडी चालू केली तर आयडलिंग एकदम चढलं आणि मग आपोआप थोडं खाली आलं. दाजी खूश. "बघ, इंजिन मोकळं झालं!" नंतर त्यांनी स्क्रू पाव-पाव आटा फिरवत कान लावून एक जागा ठरवली, आणि जाता जाता चारही टायर बघितले, सगळ्यांत हवा कमी होती, ती भरायला लावली. ही टायरची गोष्ट लक्षात ठेवा.

आधीच्या तीन टाक्यांचं ॲव्हरेज १४.६ च्या आसपास होतं. व्हॉल्व्हनंतरची पहिली टाकी १६.८. मी स्वतः फोन करून सांगितलं त्यांना, लाज वाटत नाही सांगायला. दुसरी १५.४. तिसरी १५.१ आणि ती संपायच्या आत डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा. फोन केला तर म्हणाले दिव्याकडे लक्ष देऊ नकोस, सेन्सर आळशी असतात.

गॅरेजमधल्या पोराने स्कॅनर लावला, कोड आला पी ०१७१, म्हणजे मिक्श्चर प्रमाणाबाहेर पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मग त्याने बॉनेट उघडलं, पंखा बंद व्हायची वाट बघितली आणि म्हणाला ताई ऐका. सूंऽऽ असा बारीक आवाज, इतके दिवस मला वाटत होतं की गाडीचाच आहे. त्याने स्कॅनर माझ्या हातात दिला. ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. लाँग टर्म ट्रिम अधिक २२, शॉर्ट टर्म अधिक ४ च्या इकडेतिकडे. आणि त्याने व्हॉल्व्हच्या भोकावर अंगठा ठेवला. आवाज थांबला, आयडलिंग किंचित अडखळलं, आणि शॉर्ट टर्मचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत घसरायला लागला, ४ चा शून्य, शून्याचा उणे ९, मग उणे १७. अंगठा काढला की परत वर. मी त्याला तीनदा करायला लावलं. तो हसला असता तर बरं वाटलं असतं, पण त्याने फक्त विचारलं, "हे कुणी लावून दिलं?"

आता हे आकडे काय म्हणतात ते कळलं की अख्खा विषय कळतो. इंजेक्शनच्या गाडीत एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो, तो सतत बघत असतो की हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या जवळ आहे ना, कारण धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच प्रमाणावर नीट काम करतो. तुम्ही मागच्या दाराने जास्तीची हवा घातली की सेन्सर ओरडतो, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तेवढं पेट्रोल वाढवतो, प्रमाण पुन्हा जागेवर. ते २२ म्हणजे हेच, न मोजलेल्या हवेच्या जोडीला कॉम्प्युटरने हिशेबाबाहेर ओतलेलं पेट्रोल. माझ्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे म्हणून निदान दिवा तरी लागला. ज्या गाड्या मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब मोजून, म्हणजे एमएपीवर, हिशेब करतात त्यांना तर ती हवा म्हणजे तुम्ही ॲक्सिलरेटर जरासा दाबलाय असंच वाटतं, त्या गुपचूप पेट्रोल वाढवतात, दिवाही नाही, काही नाही. व्हॉल्व्ह म्हणजे थोडक्यात कायमचा किंचित उघडा ठेवलेला दुसरा थ्रॉटल, ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडते ती हवेची झडप.

आणि सगळ्यात गंमत म्हणजे हा व्हॉल्व्ह जास्त ओढतो कधी, तर पाय काढल्यावर, कारण थ्रॉटल बंद आणि चाकं इंजिनला फिरवत असली की व्हॅक्यूम सगळ्यात जास्त. त्या वेळी गिअरमध्ये असलेली इंजेक्शनची गाडी बहुतेक वेळा पेट्रोल आधीच बंद करून बसलेली असते! शून्यातून काय वाचवणार?

मग १६.८ आले कुठून? टायर, एक. दुसरं म्हणजे माझा पाय. नवीन खेळणं लावलं होतं, ते चाललं पाहिजे अशी मनापासून इच्छा होती, त्यामुळे त्या टाकीला मी पेडलखाली अंडं ठेवल्यासारखी चालवत होते, सिग्नल लांबून दिसला की पाय काढायचा, ओव्हरटेक नाही, काही नाही. पुढे हौस फिटली. टायरचं जे होतं ते वहीत टिकलं, पायाचं गेलं. शिवाय एका टाकीवरून काही ठरवूच नये, पंपाचं नोझल कधी आधी बंद होतं कधी उशिरा, लिटर-दीड लिटरचा फरक तिथेच पडतो. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने, अशी इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासलीत आणि बहुतेकांचा निकाल काहीच फरक नाही असा लागलाय. पण ईपीए दाजींना माहीत नाही, आणि माझी वही त्यांना मान्य नाही.

त्यांचं म्हणणं आजही हेच की तू व्हॉल्व्हचं सेटिंग हलवलंस. घरात चार माणसं बसली की निघतंच, "हिला दिला होता व्हॉल्व्ह, हिने गॅरेजवाल्याचं ऐकलं." मी एकदा विचारलं की दाजी, तुमच्या गाडीचं ॲव्हरेज तुम्ही मोजलं कसं होतं? तर म्हणाले, काट्यावरून कळायचं. काट्यावरून! पेट्रोलच्या काट्यावरून, जो अर्ध्याच्या वर रेंगाळतो आणि अर्ध्याच्या खाली धाडकन पडतो. आणि दुसरं, त्याच गाडीचं इंजिन नंतर पिस्टनच्या रिंगा बदलायला खोललं होतं ते कधी सांगत नाहीत. मी व्हॉल्व्ह काढला तेव्हा त्याच्या तोंडाशी फिल्टर म्हणून जो स्पंजचा तुकडा असतो तो नावालाच उरला होता आणि गोळीवर बारीक धुळीचा थर, बोटाला खरखर लागणारा. म्हणजे एअर फिल्टरला वळसा घालून ही धूळ सरळ सिलेंडरमध्ये.

आता प्रामाणिकपणे, रिंगा व्हॉल्व्हमुळेच गेल्या असं मी सिद्ध करू शकत नाही, गाडी बरीच जुनी होती. आणि कार्बुरेटरच्या बाबतीत दाजी अगदीच चूक नव्हते हेही लिहिते, नाहीतर ताई मला बोलेल. कार्बुरेटरला ऑक्सिजन सेन्सरची राखण नसते, जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, झिजलेला असला की मिक्श्चर जाडच चालतं, त्यात थोडी हवा घातली तर सपाट रस्त्यावर खरंच थोडा फायदा दिसू शकतो. पण मग जेट बदला, कार्बुरेटर साफ करून ट्यूनिंग करून घ्या, तोच फायदा फिल्टरमधून आलेल्या हवेवर मिळतो. जास्त पातळ केलंत तर गाडी मिस मारणार, चढावर नॉकिंग करणार, इंजिन हीट होणार. पातळ मिक्श्चरवर पेट्रोल वाचतं ही कल्पना खोटी नाही, होंडाने १९९० च्या दशकात २० ला १ च्याही पुढे चालणारी लीन बर्न इंजिनं विकलीत, पण त्यासाठी आत येणाऱ्या हवेला भोवरा द्यायची सोय, वेगळा सेन्सर, सगळं इंजिनच त्या हिशेबाने बांधलेलं. पितळेच्या गोळीने ते होत नाही दाजी. (हो, उत्तर त्यांना पाठवणारे.)

तुमच्या पडलेल्या ॲव्हरेजचं म्हणाल तर आधी टायरमधली हवा थंड असताना बघा, दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो. मग एअर फिल्टर, प्लग, आणि चाक हाताने फिरवून ब्रेक चिकटतोय का ते. आठ वर्षांच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर सुस्तावलेला असू शकतो, तो गेला की पेट्रोल जास्त जातं. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन तापतच नाही आणि ईसीयू थंड समजून पेट्रोल वाढवतो, तापमानाचा काटा खालीच राहतो का बघा. स्कॅनर लावून ट्रिम वाचून घ्या, कोड नसला तरी.

डिझेल असती तर हा प्रश्नच नव्हता, तिथे हवा आधीच गरजेपेक्षा जास्त असते. तुम्ही सांगितलेलं नाही, पण टर्बो असेल तर बूस्टमध्ये मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होतो, व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही तर हवा उलटी बाहेर.

आणि कुणी आधीच बसवून ठेवला असेल तर काढल्यावर पाइपला टेप गुंडाळून सोडू नका. मी तेच केलं होतं, पीसीव्हीच्या पाइपात तेलाची वाफ असते, टेपचा गोंद चार दिवसांत सुटला, परत सूंऽऽ, परत दिवा. अख्खा पाइप नवीन घाला.