जुने नक्षीकाम केलेले अमेरिकन रिव्हॉल्व्हर जमवायचेत, सुरुवात कुठून करू?

तुम्ही टेक्सासमध्ये राहता, लिलावाच्या कॅटलॉगमध्ये सिलिंडरवर जहाजांची लढाई असलेला कोल्ट नेव्ही (कोल्ट कंपनीचं १८५१ चं रिव्हॉल्व्हर) दिसलाय, तो 'एनग्रेव्ह्ड' म्हणजे कोरीव म्हणून जास्त पैसे देऊन घ्यावा का आणि पुढेमागे पुण्याला नेता येईल का, असं विचारलंय. मी कनेक्टिकटमध्ये असतो, कोल्टचं हार्टफर्ड जवळच, त्यामुळे हा नाद मलाही लागलेला आहे.

पहिली गोष्ट, ती जहाजं हाताने कोरलेली नाहीतच. वॉटरमन ऑर्म्सबी नावाचा नोटांचे ठसे कोरणारा माणूस होता, त्याने बनवलेला पोलादी रोलर दाब देऊन सिलिंडरवर फिरवायचे, की झालं चित्र तयार. १८५१ च्या नेव्हीवर १६ मे १८४३ ची टेक्सास नौदल विरुद्ध मेक्सिको ही कँपीचेची लढाई, कोल्टच्याच १८४९ च्या 'पॉकेट' मॉडेलवर घोडागाडी लुटायचा प्रसंग. साध्यातल्या साध्या पीसवरही हे असायचंच. छापील काठाला पैठणीचा भाव कोणी देतं का? हे तसंच आहे. (चित्र अजून ठळक शिल्लक असेल तर गन कमी वापरली गेलीय हे कळतं, तेवढा त्याचा उपयोग नक्की.)

खरं काम बघायचं ते फ्रेमवर, नळीवर, मुठीच्या मागच्या पट्टीवर आणि घोड्यावर. गंमत म्हणजे ज्याला आपण अस्सल अमेरिकन नक्षी म्हणतो ती बरीचशी जर्मन लोकांच्या हातची. गुस्ताव यंग प्रशियातून आला, आधी कोल्टसाठी काम केलं आणि मग स्प्रिंगफील्डला स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या बंदूक कंपनीकडे गेला. त्याची वेलबुट्टी गच्च, बारीक, मागे ठिपक्यांची जमीन. कोल्टमध्ये पुढे १८७१ ते १९२१ कोरीव काम कुनो हेल्फ्रिख्टकडे. आणि न्यूयॉर्कमध्ये एल. डी. निम्श्के, हा मला सगळ्यात आवडतो, पानं मोठी, मोकळी, हात भरभर चाललाय हे दिसतं. निम्श्केने आपल्या कामाचे कागदावर ठसे घेऊन एका वहीत चिकटवून ठेवले होते, ती वही १९६५ मध्ये छापून आली. तुम्ही रिव्हॉल्व्हर नंतर घ्या, आधी ती घ्या, आणि पानं बघत बसा, कारण बाजारात न्यूयॉर्कची कुठलीही नक्षी असली की 'निम्श्के स्टाइल' लिहून मोकळे होतात आणि त्याचा अर्थ एवढाच की त्यानेच केलंय हे सिद्ध करता येत नाही.

आता फसवणुकीचं. जुनी साधी गन घ्यायची, आजच्या कारागिराकडून कोरून घ्यायची आणि जुनी म्हणून विकायची हा धंदा चालतो. म्हणून भिंग घेऊन बघा. कडा गुळगुळीत झिजलेल्या, अक्षरं अर्धी पुसलेली आणि नक्षीच्या रेषा मात्र धारदार, असं असेल तर खाली ठेवा. गंजाच्या खड्ड्यावरून रेघ गेलीय का, म्हणजे आधी खड्डा पडला आणि नंतर रेघ मारली का, हे बघा. निकेलचा मूळ जुना मुलामा असेल तर तो खोबणीच्या तळातही हवा. कारखान्यात फ्रेम कडक करायच्या आधी कोरायचे, नंतर कोरायची तर ती आधी तापवून मऊ करावी लागते आणि मग केस हार्डनिंगचे (पोलादाचा पृष्ठभाग कडक करताना येणारे) मूळ रंग जातात. कोल्टकडून गनच्या नंबरवरून कारखान्याच्या नोंदींचं पत्र मिळतं, काडतुसाच्या काळातल्या गनला ते जरूर मागवा, पण त्याआधीच्या, कॅप-अँड-बॉलच्या (दारू, गोळी आणि टोपी वेगवेगळी भरायच्या) काळातल्या फार थोड्या नोंदी शिल्लक आहेत, त्यामुळे तिथे डोळ्यांवरच भिस्त.

बजेट मर्यादित असेल तर माझं मत, कोल्टच्या मागे लागू नका. मर्विन हल्बर्टची रिव्हॉल्व्हर बघा. कंपनी न्यूयॉर्कची, माल कनेक्टिकटमधल्या नॉर्विचच्या हॉपकिन्स अँड ॲलन कारखान्याचा, ठिपक्यांची नक्षी आणि मधे चौकटीत एखादं घर, फूल नाहीतर प्राणी. काम जरा भाबडं आहे, जाणकार नाकं मुरडतात, मला तर तेच आवडतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १८९८ किंवा त्याआधी बनलेली गन अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अँटिक धरतात, पण राज्याचे नियम वेगळे असू शकतात ते बघून घ्या. हस्तिदंताची मूठ असेल तर राज्याराज्यांत विक्रीची भानगड आहे, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये जास्तच, वयाचा कागद असल्याशिवाय घेऊ नका.

पुण्याला न्यायचं मात्र डोक्यातून काढा. आपल्या १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे ती फक्त दुरुस्त करूनही चालणार नाही अशा शस्त्रांना, आणि चांगल्या अवस्थेतला कोल्ट नेव्ही आजही उडतो. शोभेची वस्तू आहे हो, हे कस्टम्सवाला ऐकत नाही.