जुने बोवी (मोठ्या पात्याचे अमेरिकन सुरे) आणि लष्करी धाटणीचे सुरे जमवायची इच्छा आहे. नाशिकमध्ये सुरुवात कशी करावी, आणि असे सुरे वापरावेत की नुसते जपून ठेवावेत?

मी अंबडला टूलरूममध्ये (कारखान्याचे साचे-अवजारं बनतात तिथं) काम करतो. सुऱ्यांचा नाद दहा-अकरा वर्षांपासूनचा, आणि जवळ आहेत जेमतेम सात. त्यातला एक मी स्वतःच्या हातानं बिघडवला, तोच आधी सांगतो.

देवळाली कॅम्पात एका भंगारवाल्या चाचांकडे गंजलेल्या पान्यांच्या ढिगात एक सुरा सापडला होता. मूठ चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली, पात्यावर पन्हळ (लांब खाच). चाचा म्हणाले, "ले जाओ, नारियल फोडने के काम आएगा." मी दुसऱ्याच दिवशी तो कारखान्यात नेला आणि ग्राइंडरवर धरला. दोन मिनिटांत गंज गेला, पात्यावरचा बनवणाऱ्याचा ठसा गेला, आणि टोकाला सुंदर निळा रंग चढला. पोलाद निळं पडतं ते साधारण ३०० अंशांना, म्हणजे टेम्पर, पात्याला दिलेला कडकपणा, उतरला. रोज हार्डनिंगचे (पोलाद कडक करायचे) जॉब तपासणाऱ्या माणसानं हे करावं! आता त्या टोकाला धार लावली तर दोन फांद्या छाटेपर्यंत टिकते.

म्हणून पहिली गोष्ट: जुना सुरा हातात आला की महिनाभर त्याला काही करू नका. फक्त तेल लावून ठेवा. तांबडा, भुकटीसारखा निघणारा गंज काढायचाच; पण करडा-काळपट थर हे त्या पोलादाचं वय आहे, त्याला हात लावायचा नाही. गंज काढायला मी तांब्याचा तुकडा वापरतो. आपल्याकडे भांडी बाजारात तांब्याच्या पत्र्याची कातरण मिळणं अवघड नाही. तेल टाकून दोन दिवस मुरू द्यायचं आणि तांब्याच्या कडेनं हळूहळू खरवडायचं. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो, पातं ओरखडत नाही. वेळ लागतो, पण टीव्हीसमोर बसून होण्यासारखं काम आहे.

आता काय घ्यावं. बोवीचं (तिकडे टेक्सासात 'बूई' म्हणतात) नाव जिम बोवी या अमेरिकन माणसामुळे झालं. १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीच्या वाळवंटात मारामारी झाली, त्यात त्यानं मोठा सुरा चालवला आणि वर्तमानपत्रांनी ते गाजवलं. पुढे १८३६ मध्ये टेक्सासातल्या अलामोच्या लढाईत तो मारला गेला. गंमत अशी की त्याचा मूळ सुरा नेमका कसा होता हे कुणालाच धड ठाऊक नाही. पाठीकडून वळण घेऊन टोकाला निमुळतं होणारं पातं ही बोवीची ओळख नंतर पक्की झाली, आणि त्या काळी अमेरिकेत विकले गेलेले कितीतरी बोवी इंग्लंडमधल्या शेफील्डचे होते. त्यामुळे "अस्सल जुना बोवी" असं म्हणून कुणी काही दाखवलं, तर तो कुणी आणि कुठे बनवला एवढंच विचारा.

माझी शिफारस लष्करी सुऱ्याची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मरीन्सनी (नौसैनिकी पायदळानं) घेतलेला मार्क-२, लोक ज्याला सरसकट का-बार म्हणतात. खरं तर तो कॅमिलस आणि इतर कंपन्यांनीही बनवला. पातं ७ इंच, साधं कार्बन पोलाद, चामड्याच्या चकत्यांची मूठ. त्याची पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते ही थाप आहे. वजन कमी करण्यासाठी असते.

७ इंचांचं महत्त्व आपल्याकडे वेगळंच आहे. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या-तलवारी हत्यारांच्या यादीत येतात. घरकाम-शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. मोठे बोवी सहज १० इंचांवर जातात. जुन्या ली-एनफिल्ड रायफलीची १७ इंची संगीन तर उघडच आली. अशी वस्तू घेण्याआधी पोलीस आयुक्तालयात किंवा वकिलाकडे विचारा, माझ्या उत्तरावर विसंबू नका. शिवाय सण-निवडणुकांच्या काळात आयुक्तांचे मनाई आदेश निघतात, तेव्हा लांबी कितीही असो, हत्यार म्हणून वापरता येईल असं काही घेऊन फिरायचं नाही. मी तर एरवीही गाडीत ठेवत नाही. आणि वस्तू १०० वर्षांपेक्षा जुनी असेल तर पुरावस्तूंचा १९७२चा कायदा आहे, ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

वापराबद्दल लोक माझ्याशी भांडतात, तरी सांगतो: एक वापरा, बाकीचे ठेवा. मी मार्क-२ धाटणीचा एक नवा सुरा दिंडोरीला मेव्हण्याच्या शेतावर ठेवलाय. दोर कापणं, ठिबकची नळी कापणं, खोक्याच्या पट्ट्या तोडणं यात तो पटाईत आहे. द्राक्षाच्या छाटणीला कात्रीच हवी आणि बांबूला कोयताच. स्वयंपाकघरात तर आणूच नका. पातं इतकं जाड की कांदा चिरला जात नाही, फुटतो. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा पाहिलं आणि विळी पुढे सरकवली, बोलल्या काहीच नाहीत. धार दगडावरच लावा, साधारण २० अंशांचा कोन धरून, पाणी किंवा तेल टाकत. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर नाही.

नाशिकचा पावसाळा हा या छंदाचा खरा शत्रू. म्यानात सुरा ठेवू नका. चामडं ओल धरतं, त्यातली आम्लं पात्याला खातात आणि पितळी भागावर हिरवं चढतं. म्यान वेगळं, सुरा वेगळा. मी शिलाई मशीनचं तेल लावून सुती फडक्यात गुंडाळतो, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. खोबरेल लावू नका, थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. आषाढात एकदा उघडून बघायचं, आणि खंडेनवमीला सगळे बाहेर काढून पुसायचे. त्या दिवशी घरात कुणी तक्रार करत नाही.

नकलांचा धोका मोठा आहे. ऑनलाइन "१९४४चा" म्हणून विकतात ते बहुतेक आम्लात बुडवून जुने केलेले. गंज सगळीकडे सारखा दिसला की समजा. खऱ्या ठशाची अक्षरं पात्याबरोबर झिजलेली असतात. नकलीत पातं झिजलेलं आणि अक्षरं मात्र धारदार. जुन्या मुठीचं चामडं आक्रसून चकत्यांमध्ये फटी पडतात.

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात सकाळी लवकर जा, खिशात भिंग ठेवा, जुन्या अवजारांच्या ढिगाशी आरामात बसा. आणि काही सापडलंच तर "मिलिटरीचा आहे का हो?" असं चुकूनही विचारू नका. चाचांनी मला नारळ फोडायचा म्हणून दिला होता, नारळाच्याच भावात.