म्हाताऱ्या कुत्र्याला मर्मर निघाला, खोकला नाही; इकोसाठी मुंबई गाठावी का?

तुमचा पामेरियन ११ वर्षांचा, रत्नागिरीत लस देताना डॉक्टरांना ग्रेड ३ चा (सहापैकी) मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जास्तीचा सूं-सूं आवाज, ऐकू आला, बाकी खाणं-खेळणं ठीक. माझं मत विचाराल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कराच, पण आधी गावात होण्यासारखं उरकून घ्या.

पहिलं रक्त. आपल्याकडे गोचिड्या बारमाही. गोचीडतापाने हिमोग्लोबिन घसरलं की रक्त पातळ होतं आणि धडधाकट हृदयातूनही मर्मर येतो. आमच्या दापोलीच्या कुत्रीचं तेच निघालं. ताप उतरला, रक्त भरलं, आवाज विरला. पण तो आवाज हलका होता. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यात ग्रेड ३ म्हणजे बहुतेक वेळा डाव्या बाजूची झडप जाड होऊन गळायला लागलेली असते. त्याच रक्तात हार्टवर्मची चाचणीही सांगा, तो जंत डासांतून येतो.

मग छातीचा एक्स-रे. त्यात हृदयाचं माप पाठीच्या मणक्यांशी ताडून बघतात. साडेदहा मणक्यांच्या पुढे गेलं तर वाढल्याचा संशय. फुफ्फुसात पाणी आहे का, तेही यातच दिसतं, इकोत नाही.

इको कशाला, तर ग्रेड फक्त आवाज किती मोठा ते सांगतो. झडप गळूनही हृदय वाढलेलं नसेल तर औषध लागत नाही, ठरावीक काळाने पुन्हा तपासायचं. डावा वरचा कप्पा महाधमनीच्या १.६ पट किंवा जास्त आणि खालचा कप्पाही फुगलेला असेल, तर लक्षणं नसतानाच पिमोबेंडान, म्हणजे हृदयाला जोर देणारी गोळी, सुरू करतात. २०१६ च्या ‘एपिक’ अभ्यासात अशा कुत्र्यांचं हृदय निकामी होणं या गोळीने सुमारे १५ महिने लांबलं. नुसत्या मर्मरवर कोणी ती गोळी किंवा लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) लिहून देत असेल तर मी तरी घेणार नाही.

इकोला सहसा भूल लागत नाही, कुशीवर झोपवून करतात. माणसांचा सोनोग्राफीवाला नको, कुत्र्यांची हृदयं नेहमी बघणारा हवा. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. आंबा घाटाने कोल्हापूर जवळ पडतं, तिथेही फोन करून बघा. उन्हात नेऊ नका, पहाटे निघा. एक्स-रे सोबत घ्या.

तोवर रोज तो गाढ झोपला की मिनिटाचे श्वास मोजून लिहून ठेवा. ३० च्या आत असले तर बरं. सतत त्यावर जायला लागले तर त्याच दिवशी डॉक्टर. हिरड्या निळसर दिसल्या किंवा मान ताणून धापा टाकायला लागला, तर इकोची तारीख विसरा आणि जवळचा दवाखाना गाठा.

आणि हो, सुकटीचा चुरा भातात कालवून देत असाल तर बंद करा, त्यात मीठ फार.