लस देऊनही डांग्या खोकला झाला, मग आमचे चुकले कुठे?

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहते. आमचा मुलगा आठ महिन्यांचा आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी त्याला वेळेवर दिल्या, त्याही खासगी डॉक्टरांकडच्या, ज्यांना सगळे ‘पेनलेस’ म्हणतात. तरीही त्याला डांग्या खोकला झाला. आधी साधी सर्दी वाटली. मग खोकल्याची उबळ येऊन चेहरा लालबुंद व्हायचा आणि शेवटी उलटी. नाकातून स्वॅब घेऊन केलेल्या पीसीआर तपासणीत निदान झाले, दोन दिवस रुग्णालयात ठेवून घरी पाठवले. अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स संपला, पण उबळ काही थांबत नाही. पती म्हणतात, लस कुचकामी निघाली, आता पुढची एकही द्यायची नाही. सासूबाई त्याआधी कित्येक दिवस खोकत होत्या, हे माझ्या मनातून जात नाही. पण बोलायची सोय नाही. उलट, तू बाळाला एसीत निजवतेस म्हणून हे झाले, असे त्यांचे म्हणणे, आणि हळद-मधाच्या चाटणाचा आग्रह. रात्र रात्र मी त्याला घेऊन बसलेली असते. रविवारी ऐरोलीला माझ्या बहिणीचे डोहाळजेवण आहे. तिथे जावे का?

उत्तर : आधी चाटणाचे सांगते, कारण ते आज संध्याकाळीही दिले जाऊ शकते. एक वर्ष पूर्ण होण्याआधी बाळाला मध देऊ नये. चाटणात नाही, गुटीत नाही, बोटावर थेंबभर घेऊनही नाही. मधात कधीकधी बोटुलिझम या आजाराच्या जिवाणूंचे बीजाणू असतात आणि तान्ह्या आतड्यांत ते वाढू शकतात. दुकानातून आणलेले खोकल्याचे औषधही या वयात देऊ नका. त्याने ही उबळ थांबत नाही आणि अपाय मात्र होऊ शकतो.

आता लसीविषयी. पहिल्या तीन मात्रांनी बहुतेक बाळांना संरक्षण मिळते, पण प्रत्येकाला पूर्ण मिळतेच असे नाही, आणि जे मिळते तेही काळाबरोबर ओसरते. १६ ते २४ महिन्यांत आणि पुन्हा पाच-सहा वर्षांचे असताना बूस्टर द्यावे लागते ते त्यामुळेच. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातील लस आणि तुम्ही दिलेली लस यांत फरक आहे, हे खरे. तुमच्या लसीने ताप आणि सूज कमी येते, पण तिचे संरक्षण तुलनेने लवकर उतरते. मात्र तो फरक मुख्यतः पुढच्या काही वर्षांत जाणवतो. पहिल्या वर्षात तीव्र आजारापासून वाचवण्याचे काम दोन्ही लसी करतात, तेव्हा केंद्रात नेले असते तर हे टळले असते, या विचारात कृपा करून गुंतू नका. या आजारात दगावणारी बाळे बहुतांशी पहिल्या दोन-तीन महिन्यांतील, लस न मिळालेली किंवा अपुरी मिळालेली असतात. त्यांना धड खोकताही येत नाही, एकदम श्वासच थांबतो. तुमचा मुलगा दोन दिवसांत घरी आला, दूध पितो आहे, उबळ सरल्यावर पुन्हा श्वास घेतो आहे. लस घेतलेल्या मुलांत हा आजार सहसा सौम्य राहतो, आणि हा सौम्य प्रकारसुद्धा आईबापांची झोप उडवणारा असतो.

एसीविषयी एवढेच, की हा आजार जिवाणूमुळे होतो आणि तो जिवाणू बोर्दे व झांगू या शास्त्रज्ञांनी १९०६ सालीच वेगळा करून दाखवला आहे. गार हवा तेव्हाच निर्दोष सुटली.

कोर्स संपूनही उबळ का थांबत नाही, हे डॉक्टरांनी सांगितले असेलही, पण त्या गडबडीत ते कानांवरून गेले असावे. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर अतिशय बारीक केस असतात आणि ते कफ वर ढकलतात. या जिवाणूचे विष ते केसच निकामी करते. औषध जिवाणूला मारते, झालेली हानी भरून काढत नाही. ती शरीर स्वतः भरून काढते, आणि त्याला आठवडे लागतात. उबळीचा काळ साधारणपणे एक ते सहा आठवडे, कधी दहासुद्धा, असतो. शिवाय बरे झाल्यानंतर काही महिने साधी सर्दी झाली तरी तशीच उबळ परत येऊ शकते, तेव्हा पावसाळ्यात घाबरून जाऊ नका. तो जुना आजार उलटलेला नसतो. डॉक्टर बदलण्याचा विचार घरात चालू असेल, तर या कारणासाठी तरी बदलू नका.

रात्री उबळ आली की बाळाला उचलून मांडीवर ताठ बसवा, किंचित पुढे झुकवा, आणि एका हाताने त्याचे कपाळ धरा. शेवटी चिकट, तारेसारखा लांबणारा कफ येतो. तो मऊ सुती कापडाने ओठांपाशीच टिपून घ्या, घशात बोट घालू नका, पाठीवर थापट्या मारू नका आणि उबळ चालू असताना पाणीही पाजू नका. उलटी झाली की थोडे थांबून अंगावर पाजून पाहा, कारण उबळ येऊन गेल्यावर काही वेळ घसा शांत असतो आणि तेव्हा पोटात गेलेले टिकते. एका वेळी पोटभर देण्यापेक्षा थोडे थोडे, पुन्हा पुन्हा द्यावे. मऊ भात, नाचणीचे सत्त्व दोन-चार चमचेच. झोळीत निजवत असाल तर सध्या नको, तिच्यात चेहरा आणि ओठांचा रंग दिसत नाही. सपाट गादीवर, पाठीवर झोपवा. धूप, उदबत्ती, डासांची कॉइल, ओव्याची धुरी आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका, यांतली कोणतीही गोष्ट उबळ आणायला पुरते; तुमच्या रस्त्यावर तर बांधकामांची धूळ आणि ट्रकचा धूर यांची भर असते, त्यामुळे रहदारीच्या वेळी त्या बाजूच्या खिडक्या बंदच ठेवा.

एखादी उबळ मोबाइलवर चित्रित करून डॉक्टरांना दाखवली तर दहा वाक्यांचे वर्णन वाचते. पण ओठ किंवा जीभ निळसर झाली, श्वास थांबल्यासारखा वाटला, उबळीनंतर बाळ मलूल पडून प्रतिसाद देईनासे झाले, झटका आला किंवा दोन उबळींच्या मधल्या वेळातही श्वास जोरजोराने चालू राहिला, तर चित्रण करत बसू नका. थेट रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर १०८ वर फोन करा. सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा नव्याने ताप आला, तरी त्याच दिवशी दाखवा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही, ती म्हणजे घरातील बाकीच्यांनी अँटिबायोटिक घेतले की नाही. बाळाला निदान झाले की बरोबर राहणाऱ्यांना, लक्षणे नसली तरी, सहसा प्रतिबंधक कोर्स दिला जातो. तो राहिला असेल तर आजच डॉक्टरांना विचारा. त्यातच सासूबाईंचा विषयही निघेल, आणि तो तुम्हाला काढावा लागणार नाही. मोठ्यांमध्ये हा आजार नुसता रेंगाळणारा खोकला म्हणून वावरतो, उबळीनंतर श्वास ओढून घेतानाचा तो ठरावीक आवाजही बऱ्याचदा नसतो. लहानपणी लस मिळालेली असो किंवा आजार होऊन गेलेला असो, आयुष्यभराचे संरक्षण दोन्हींपैकी कशानेही मिळत नाही. तेव्हा संसर्ग त्यांच्याकडून आला असणे शक्य आहे, पण लिफ्टमधून किंवा सोसायटीच्या बागेतूनही तो आलेला असू शकतो, आणि आता ते सिद्ध होणार नाही. माझ्या मते तुम्ही त्यांना याविषयी एक शब्दही बोलू नये. नातवाला आपल्यामुळे झाले, ही शंका त्यांना तुमच्याआधी आली असावी. एसीचा आरोप बहुधा तिथूनच येतो आहे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्यासाठी त्यांची छातीची आणि थुंकीची तपासणी व्हायलाच हवी, कारण आपल्याकडे अशा खोकल्यात क्षयरोग नाही ना, हे पाहावेच लागते, आणि ती तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. हे त्यांना मुलाने सांगावे, सुनेने नव्हे.

मुलाने आणखीही एक करावे. रात्रीचा एक ते पहाटे सहा हा वेळ त्याने घ्यावा. बाळाला उचलून कफ टिपायला आईच लागते असे नाही, पाजण्यापुरते तुम्हाला उठवले तरी चालेल. दुपारी दोन तास सासूबाईंकडे द्या, अर्थात त्यांचा कोर्स झाल्यावर. काम हातात आले की चाटणाचा आग्रहही पुष्कळ कमी होतो.

पतींना लसीविषयी वाद घालून पटवू नका, वेळापत्रक समोर ठेवा. आता येणारी लस डांग्या खोकल्याची नाहीच, नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची आहे. रागापोटी ती चुकवली तर एका आजाराचा सूड दुसऱ्या आजाराच्या हाती बाळ देऊन घेतल्यासारखे होईल. आणि दीड वर्षाच्या सुमारास येणाऱ्या बूस्टरमध्ये घटसर्प व धनुर्वातही असतात. आजार होऊन गेला म्हणून ते टाळायचे नसते.

डोहाळजेवणाला जाऊ नका. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकनंतर बाळापासून संसर्ग होत नाही, असे मानले जाते, पण घरातील बाकीच्यांचा कोर्स पूर्ण झाल्याखेरीज तुम्ही कोणीही गरोदर स्त्रीजवळ बसू नये, आणि बाळाला तर त्या गर्दीचा व जागरणाचा त्रासच होईल. बहिणीला कारण मोघम न सांगता स्पष्ट सांगा. गेल्या तीन आठवड्यांत ती तुमच्या घरी येऊन गेली असेल, तर तिने ते आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच कळवावे. आणि एक विचारायला सांगा : गरोदरपणात सरकारी केंद्रात मिळणाऱ्या टीडी (धनुर्वात-घटसर्पाच्या) इंजेक्शनमध्ये डांग्या खोकल्याची लस नसते, ती टीडॅप नावाच्या वेगळ्या लसीत असते आणि २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान घेतल्यास आईची प्रतिपिंडे बाळाला जन्माआधीच मिळतात. ही प्रतिपिंडे बाळाला दीड महिन्याचे असताना स्वतःची पहिली लस मिळेपर्यंतच्या दिवसांसाठी असतात, त्यामुळे तुम्ही टीडॅप घेतली नव्हती म्हणून आठव्या महिन्यात हे झाले, असे मात्र मनात आणू नका. तुमच्या बहिणीचा तो काळ सध्या चालू असावा, म्हणून हा फोन रविवारपर्यंत ठेवू नका.