कॅज्युअल्टीत सहा तास का बसावं लागलं

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या पोटात दुखतंय म्हणून रात्री नऊला सरकारी रुग्णालयात नेलं, पहाटे तीनला त्यांना आत घेतलं, आणि मधल्या वेळात मागून आलेले चार-पाच जण सरळ आत गेले. शेवटी विचारलंय, "ओळख नसली की असंच का?" मी २६ वर्षं परिचारिका होते, त्यातली ९ पालिकेच्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वशिला चालतच नाही असं मी म्हणणार नाही, असे फोन मी स्वतः घेतलेत. पण मागून आलेला आधी आत जातो तो बहुतेक वेळा वशिल्याने नाही. कॅज्युअल्टीत नंबर केसपेपरच्या वेळेवर लागत नाही, जिवाला किती धोका आहे त्यावर लागतो. लाल, पिवळा, हिरवा अशी वर्गवारी करतात, तिला ट्रायाज म्हणतात. डोक्याला मार लागलेला, दम लागलेला, विष प्यायलेला हे सगळे लाल. चालत आलेले, नीट बोलणारे तुमचे वडील बहुधा पिवळे ठरले असणार. इथवर चूक नाही. चूक पुढे होते. नऊला पिवळा ठरलेला माणूस बारा वाजता कसा आहे, हे पुन्हा बघायला कुणाला सवडच नसते.

डिसेंबरातली एक रात्र मला विसरता येत नाही. पन्नाशीचे एक गृहस्थ, मधुमेह असलेले. तक्रार एवढीच, की छातीत जळजळतंय. बाकावर शांत बसून होते आणि मी आत एका जळीत बाईच्या ट्रॉलीशी. तासाभराने त्यांची बायको आत आली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, यांचा शर्ट ओला झालाय बघा." बाहेर थंडी होती. कपाळाला हात लावला तर गार पडलेलं. ईसीजी काढला, हार्ट अटॅक होता. मधुमेह असला की छातीत दुखेलच असं नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी मी तासभर त्यांच्याकडे वळले नव्हते. वाचले ते. तेव्हापासून मी दर अर्ध्या तासाने बाकांवरून एक फेरी मारू लागले. ज्या रात्री ती जमायची नाही, त्या दिवशी घरी जाऊन झोप लागायची नाही.

आता गर्दीचं. लोकांना वाटतं सर्दी-तापवाले गर्दी करतात. त्यांची रांग लांब दिसते, पण त्यांना तपासून, औषध देऊन लवकर घरी पाठवता येतं. कॅज्युअल्टी तुंबते ती वरच्या वॉर्डांमुळे. अ‍ॅडमिट करायचं ठरलंय पण वर खाट नाही, असे रुग्ण खाली ट्रॉलीवरच पडून राहतात. एक ट्रॉली अडकली की एक ऑक्सिजनचा पॉइंट अडकतो आणि एक सिस्टरही अडकते. व्हेंटिलेटर मिळेपर्यंत बापाच्या उशाशी उभं राहून रात्रभर अँब्यू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, दाबणारी पोरं मी पाहिली आहेत. वर खाट का नाही? सकाळच्या राउंडला डिस्चार्ज ठरतो, कार्ड लिहून व्हायला दुपार होते, गावाहून नातेवाईक यायला संध्याकाळ. तोवर खाली पुढचे आलेले असतात. खाटा वाढवायलाच हव्यात, पण निदान डिस्चार्ज बारापर्यंत झाले तरी रात्रीची कॅज्युअल्टी बरीच मोकळी होईल, हे मी मीटिंगांमधून किती वर्षं सांगत आले.

दुसरं मूळ गावाकडे आहे. ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं. भूलतज्ज्ञ नसला की साधं अपेंडिक्ससुद्धा जिल्ह्याला पाठवतात आणि तिथून शहरात. २०१४ पासून १०८ ची गाडी फुकट मिळते, तिने कितीतरी जीव दारापर्यंत जिवंत आणले, पण दाराच्या आतल्या खाटा त्या वेगाने वाढल्या नाहीत.

"बेड नाही" हे कायद्याला मान्य नाही, हेही माहीत असू द्या. १९९२ मध्ये बंगालात हकीम शेख नावाचा मजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला, आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. कुठे खाट रिकामी आहे हे कळून रुग्णाला थेट तिथे पाठवता यावं, अशी राज्य पातळीवरची संपर्कयंत्रणा उभारा, असंही सुचवलं. आणि आज पंचविशीतली रेसिडेंट डॉक्टर पोर एका हाताने सलाइन लावत दुसऱ्या हाताने चार रुग्णालयांना फोन फिरवते. त्या मुलांवर कृपा करून आवाज चढवू नका, ती कालपासून उभी असतात.

पुन्हा वेळ आलीच तर "किती वेळ लागेल?" असं विचारू नका. काय बदललंय ते सांगा. घाम सुटलाय, लघवी झाली नाही, आधी बोलत होते आता गुंगीत आहेत, हे ऐकलं की सिस्टर उठतेच. पोटदुखी असेल तर विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पाजू नका, ऑपरेशन लागू शकतं. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. परत पाठवत असतील तर ड्युटीवरच्या सीएमओंना, म्हणजे कॅज्युअल्टीच्या मेडिकल ऑफिसरना भेटा, आधी प्राथमिक उपचार मागा, आणि कुठे व का पाठवताय ते केसपेपरवर वेळेसकट लिहून घ्या. रात्री दोनला थकून, फाटकाशी उभ्या असलेल्या प्रायव्हेट अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याचं ऐकून "आमच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही करू नका. अशी सही करून गेलेली माणसं पैसे संपले की आणखी वाईट हालतीत परत येतात.

वडील अजून फ्लोअर बेडवर, म्हणजे जमिनीवरच्या गादीवर आहेत असं लिहिलंय. उद्या राउंडच्या वेळी तिथे हजर राहा, सोनोग्राफीत काय निघालं ते डॉक्टरांना विचारा. खाटेचं सकाळी विचारून उपयोग नाही. चारनंतर वॉर्डच्या सिस्टरना भेटा, खाटा तेव्हाच रिकाम्या व्हायला लागतात.